दाजींच्या जीपची रबरं

रबरालाही जीव असतो हे ज्याच्याकडे बघून पटावं, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो आष्टीत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी राहतो. म्हणजे आमचे दाजी. गाडी म्हटली की लोक रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. दाजी दार उघडून चौकटीच्या रबरी पट्टीला अंगठ्यानं दाबून बघतात. एका लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी मांडवाशी आली, तेव्हा दार उघडून धरायला दाजीच पुढे. सगळ्यांना वाटलं, काय हा मोठेपणा. दाजी पट्टी दाबत नवरदेवाला म्हणाले, "रबर वाळायलंय. गाडी उन्हात लावू नगा." तो बिचारा मुंडावळ्या सावरत 'बरं' म्हणाला.

हे वेड उगाच लागलेलं नाही. अक्काला दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून जपा. आणि आमच्याकडे धूळ सोडून दुसरं काही भरवशानं मिळत नाही. दुसऱ्या कुणी बायकोला तोंडाला पदर धर म्हणून सांगितलं असतं. दाजींनी आपल्या जुन्या जीपची चारी दारं अशी बंद करून घेतली की आत मुंगी शिरायची म्हटली तरी तिनं काच खाली करायला सांगावं. एसटीत अक्काचा जीव घुसमटतो, त्यामुळे नगरच्या दवाखान्यापासून माहेरापर्यंत तिचं सगळं जाणं-येणं या जीपनं. आणि त्या मापाची रबरं आता कुठंच मिळत नाहीत. दाजींनी पार पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली. आहेत ती गेली, की अक्का घरात बसली.

म्हणून दर आठ दिवसांनी त्या रबरांची आंघोळ. साबणाचं कोमट पाणी, जुन्या धोतराचं मऊ फडकं, सावलीत वाळवण, वरून बोटानं ग्लिसरिनचा हात. मेडिकलवाल्याची तर कित्येक वर्षं अशी समजूत होती, की या माणसाचं तोंड कायम आलेलं असतं. तो दर बाटलीमागे तिखट कमी खायचा सल्ला द्यायचा आणि दाजीही निमूट मान हलवायचे. दारातल्या लिंबाची सावली सरकेल तशी जीप सरकवायची, दिवसातून चारदा. जेवता जेवता उठून ते जीप हलवून आलेले मी पाहिलेत. अक्का ताट झाकून ठेवायची.

अशा घरात दसऱ्याच्या दिवशी मी शहाणपणा केला. दाजी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलते. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुतली की काळं काळं सगळं डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, मग ते कसं चमकतं. मी चारी दारांची रबरं पुसून काढली. आरशागत चमकली. दाजी आले, फाटकातच थांबले, नुसता वास घेतला.

"पाव्हणं, कावून केलं हे?" आवाज चढला नाही, तेच वाईट. "डिझेल रबराला खातंय. फुगतंय, मग चिकट होतंय, मग तुटून हातात येतंय."

मग फुलांची पिशवी ओट्यावर ठेवून ते बादली घेऊन बसले. मीही बसलो, पण त्यांनी मला फडकं दिलं नाही. पूजेचा मुहूर्त टळला, अक्का ताट घेऊन दारात उभी. साबणाचं पाणी पाच वेळा बदललं. संध्याकाळी एकेक पट्टी दाबून बघत ते म्हणाले, "आता सांगता येत न्हाई. परवा कळंल." परवा अक्काला नगरला दाखवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी निघालो. काचा बंद, आत नुसती भट्टी. पुढे रस्त्याचं काम चाललेलं, समोरून खडीचे ट्रक, बाहेर सगळं पांढरं. एका ट्रकनं असा लोट उडवला की पुढचं दिसेना. दाजींनी जीप कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मी मागं जीव मुठीत धरून बसलेलो; आता अक्का खोकणार, आणि ते माझ्यामुळं. "दाजी, माझं चुकलं," एवढं कसंबसं म्हणालो.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. आयका."

ऐकलं. दाराला डोकं टेकून अक्काला झोप लागली होती. श्वास संथ, एकसारखा, कुठं घरघर नाही. धूळ कधीच बसली, मागून एकानं हॉर्न दिला, पण दाजींनी किल्ली फिरवली नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते तसेच ऐकत बसले होते.