लाल झालेली दोन पानं

कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात वाङ्मयचौर्य तपासणारी समिती होती आणि कितीतरी वर्षं तिची अध्यक्ष मीच. कुणाचाही शोधनिबंध आला की संगणकावर तपासायचा, दुसऱ्याच्या लेखनाशी जुळणाऱ्या ओळी लाल झाल्या की लेखकाला बोलावून जाब विचारायचा. माझ्या खोलीत येताना माणसं घाबरायची.

गेल्या वर्षी नव्या प्राध्यापकांना ही तपासणी दाखवताना नमुना म्हणून मी माझाच एक जुना निबंध घातला. राधानगरीकडच्या बायका भाताचं बियाणं कसं राखतात, यावरचा. दोन पानं सलग लाल झाली. मूळ लेखन माझ्याच एका विद्यार्थिनीचं होतं. तिची एम.फिल.ची प्रबंधिका नुकतीच स्कॅन होऊन ऑनलाइन आली होती. ‘बी निवडताना बाई आधी वास घेते, मग बघते.’ हे वाक्य मी किती भाषणांत माझं म्हणून सांगितलं होतं!

“सॉफ्टवेअर चुकतं कधीकधी,” कुणीतरी म्हणालं. मीही ‘हो’ म्हणून मान हलवली.

घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या. तिच्या मसुद्यातले उतारे माझ्याच अक्षरात होते, खाली तिचं नाव नव्हतं. मी विसरले होते, की विसरायचंच होतं? त्यानंतर वर्गात शिकवताना, भाजी चिरताना ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू येऊ लागलं.

शेवटी तिच्या गावी गेले. तिने पीएच.डी. अर्ध्यावर सोडली होती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. ती गोठ्यात धार काढत होती.

“बसा की, मॅडम.”

मी निबंध पुढे केला. तिने नुसतं शीर्षक बघितलं.

“म्हाईत हाय मला. लायब्ररीत तवाच वाचलंतं.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“कुणाला सांगणार? कमिटीवर तुमीच हुतासा की.”

तिचा आवाज चढला नाही. धार काढणारे हातही थांबले नाहीत.

परत आल्यावर मी संपादकांना सगळं लिहून कळवलं. निबंध मागे घेतला गेला, मूळ लेखिका म्हणून तिचं नाव छापलं गेलं. मी समिती सोडली. तिला फोन करून म्हटलं, पीएच.डी. पुन्हा सुरू कर.

ती म्हणाली, “न्हाय जमत, मॅडम. लिवाय बसलं की तुमी मागं उभ्या हायसा असं वाटतंय.”

हल्ली माझ्या हातून एखादी ओळ चांगली उतरली की मी ती खोडून टाकते.