पोफळउडी

माझं लग्न आखाड्यात ठरलं. आमच्याकडे तशी रीत नव्हती, पण आमचे बाबा रीतभात बघून वागणारे नव्हतेच.

चौलात आमची सुपारीची लहानशी वाडी. बाबा तरुणपणी पैलवान होते आणि त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. हे ते जेवताना सांगत, तापात सांगत, आणि पाहुणे आले की हटकून सांगत. वय झाल्यावर ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच झाले.

मला दोन स्थळं सांगून आली होती. एक मुंबईच्या गिरणीतला, अंगानं रांजण, महिन्याचा बांधलेला पगार, जत्रेला आगबोटीनं येणारा. दुसरा श्रीवर्धनचा, आमच्या वाडीत सुपाऱ्या उतरवायला यायचा. तो एकदा पोफळीवर चढला की खाली येतच नसे. शेंड्याशी बसून झाड झुलवायचा, वाकलं की पुढची पोफळ धरायचा, अशी अख्खी वाडी वरच्या वर उरकायचा. मी खालून बघत राही. आई म्हणे, मान मोडून घेशील बये. मला तोच हवा होता आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांचं एकच पालुपद. "झाडावरचा माणूस. हात सुटला की संपलं. माझी पोर पांढऱ्या कपाळाची झालेली मला बघायची न्हाय." आमच्याच आळीत तशी एक होती. मी वाद घातला नाही, पण भांडी मात्र जरा जोरात घासली.

दोघंही कुस्ती खेळत. त्या जत्रेत नेमकी दोघांचीच जोड लागली. पंच अर्थातच आमचे बाबा.

श्रीवर्धनवाल्याचा एक डाव साऱ्या किनाऱ्यावर गाजला होता. समोरच्याच्या पाठीशी जायचं, झाडावर चढावं तसं त्याच्या अंगावर चढायचं, डोक्यावरून कोलांटी घ्यायची आणि खाली येता येता मानेला असा हिसका द्यायचा की गडी उलटा होऊन चीत. लोक त्याला पोफळउडी म्हणत.

आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवरून बघत होतो. श्रीवर्धनवाला गिरणीवाल्याच्या खांद्यावर पोचला आणि तिथं घोटाळा झाला. गिरणीवाला जड, तो जागचा हलेना, नुसता झुलायला लागला. मग वाकला. आता लहानपणापासून ज्याच्या अंगात मुरलंय की झाड वाकलं की पुढचं धरायचं, तो काय करणार? समोर उंच, सरळ, वाळकं असं एकच काही उभं होतं. ते आमचे बाबा. त्यानं बाबांना धरलं.

गिरणीवाला तोंडावर आपटला. बाबा पाठीवर. निकाल द्यायचा पंचानं, आणि पंचच चीत झालेला. ढोलकीवाला वाजवायचा थांबला. मग एक मासळीवाली हसली आणि तिच्यामागून सगळी जत्रा. मला हसू आलं नाही. मेल्या, एवढी माणसं सोडून माझा बापच सापडला का तुला, असं वाटलं. लग्नावर मी तिथंच पाणी सोडलं.

संध्याकाळी आई बाबांच्या पाठीला तेल चोळत होती. गिरणीवाल्याकडे होकार धाडायचा ना, असं तिनं विचारलं. बाबांनी पालथ्या पालथ्याच मान वळवली.

"श्रीवर्धनवाल्याला धाड," ते म्हणाले.

आईचा हात थांबला. त्यानं तुमची पाठ लावली, ती म्हणाली.

"व्हय, लावली. पन मला धरला तवा त्याचा दुसरा हात त्या गिरणीवाल्याच्या मानंवर व्हता. माझ्यावर पकड पक्की बसली, मगच त्यानं त्येला सोडला. मी त्याच्या हाताखालीच व्हतो, मला कळलं. असा मानूस झाडावरनं पडत न्हाय. पोर देऊन टाक त्याला."

आत चुलीपुढं मी ढसाढसा रडले. बाबा आईला म्हणाले, जरा खाली चोळ, कमरेत.