अकरा मेल आणि धुळ्याच्या अक्का

मंडळी, आज सकाळपासून आपल्या बायपोलर ग्रुपला अकरा लांबलचक मेल पाठवणारा मीच. एरवी आठवड्याला दोन ओळी लिहिणारा!

बाराव्यात कळवणार होतो की डाळमिलची नोकरी सोडतोय. राजीनामा खिशातच होता. जळगावच्या सायबर कॅफेत बसून नुसता हवेत होतो.

तेवढ्यात आपल्या ग्रुपमधल्या धुळ्याच्या अक्कांचा मेल आला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एकच अहिराणी ओळ: "भाऊ, तू जपना का नही?"

झोपलास की नाही, एवढंच विचारलं होतं. माझे हात थांबले. तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. गोळ्याही मीच बंद केल्या होत्या. घरात मात्र सगळे म्हणत होते, पोरगा किती खुशीत आहे!

राजीनामा फाडला आणि रिक्षाने थेट डॉक्टरांकडे गेलो.

अक्कांनी मला कधी पाहिलेलंही नाही. मग त्यांनाच कसं हो दिसलं?