पावणेदोन तासांवरचा मुलगा

सगुणाबाईंचं गाव नव्या विमानतळाच्या जागेत गेलं, तेव्हा त्या करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला आल्या. नवरा आधीच वारला होता. एकुलता एक मुलगा दीपेश शिकून बेंगळुरूला नोकरीला लागला आणि ऐरोलीच्या अर्पिताशी लग्न करून तिथंच राहिला.

यंदा जानेवारीत दीपेशला मुलगी झाली. बारशाला जायचं म्हणून सगुणाबाईंनी हौसेनं कुंची शिवायला घेतली. दीपेश फोनवर म्हणाला, "आई, तिकडून सरळ विमान नाही. हैदराबादला उतरून दुसरं पकडावं लागतं, अख्खा दिवस मोडतो. तुझं बीपी बघता नकोच."

त्यांनी ऐकलं. रोज विमानानं फिरणारा मुलगा सांगतोय म्हणजे तसंच असणार. बारसं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. पाळण्याची दोरी विहीणबाईंच्या हातात होती.

पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची भाविका जिन्यात भेटली. कंपनीच्या कामासाठी ती सकाळी बेंगळुरूला जाऊन संध्याकाळी परत आली होती.

"एका दिवसात जाऊन आलीस?"

"पावणेदोन तास तर लागतात, काकी. आपल्याच विमानतळावरून थेट आहे."

"मधी बदलाया लागत नाय?"

"नाही हो."

सगुणाबाईंनी घरात येऊन कुंची पिशवीत भरली. मग वर जाऊन त्यांनी भाविकाकडून तिकीट काढून घेतलं. दीपेशला कळवू नको, एवढंच सांगितलं.

विमान उडालं तेव्हा त्या खिडकीतून आपल्या गावाची जागा शोधत होत्या. ओळखीचं काही दिसलं नाही. चहा पिऊन जरा डोळा लागतो तोच उतरायची सूचना आली. तिथून मुलाच्या घरी जायला मात्र टॅक्सीला विमानाइतकाच वेळ लागला.

दीपेशनं दार उघडलं आणि तो तिथंच थबकला.

"आई? तू कशी आलीस?"

"इमानानं. एकच लागला."

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. मग हळूच म्हणाला, "अर्पिताच्या ऑफिसातली माणसं होती गं बारशाला. आपल्या बोलीला कुणी हसलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट मना वाटला असता, का तुला?"

आवाज ऐकून अर्पिता बाहेर आली. "आई, तुम्हाला डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय ना? हाच म्हणाला होता." म्हणजे सुनेलाही त्यानं वेगळंच सांगितलं होतं. तिनं बाळ सासूच्या मांडीवर दिलं. नातीला कुंची घालताना सगुणाबाईंना रडू आवरेना. अर्पितानं राहायचा खूप आग्रह केला, पण त्या दुसऱ्याच दिवशी परतल्या.

होळीला दीपेश बायको-मुलीला घेऊन करंजाड्याला आला. सगुणाबाईंनी पोळ्या केल्या, नातीला शेजारीपाजारी मिरवलं. अर्पिताशीही आपल्या बोलीत खूप गप्पा मारल्या. दीपेशशी मात्र त्या तोलूनमापून, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं बोलत होत्या.

"जेवायला बसतोस ना? पाणी आणून देऊ का?"

"आये, माझ्याशी असं काय बोलतेस?" त्यानं शेवटी विचारलं.

त्या ताट वाढायला आत गेल्या.