'मिळून आले नाहीत'

ती फाइल आजही आठवते. पातळ होती, चार कागदांची. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. धाम नदीकाठच्या गावातली एक मुलगी परदेशात शिकली होती. शिक्षणानंतर तिथे दोन वर्षं काम करण्याच्या व्हिसासाठी तिला इथला पोलीस दाखला हवा होता. मुदत महिनाअखेरची.

पडताळणी सुरू होण्याआधीच टपालाने निनावी पत्र आलं: मुलीवर गुन्हा आहे, महिनाअखेरपर्यंत दाखला देऊ नका. गुन्हे रजिस्टर चाळलं. काही नव्हतं.

पडताळणीसाठी आमचा अंमलदार घरी जात नसे, घरच्यांनाच ठाण्यात बोलावलं जाई. वडील कापड दुकानदार. मी विचारलं, "शिकून झालं ना? मग परत काऊन येत नाई?"

"साहेब, शिकली ते हातानं करून तं पाहू द्या तिले. दोनच वर्ष मांगते."

पत्रातली मुदत मला खटकत होती. ती घराबाहेर कुणाला ठाऊक असणार? आईला बोलावलं, महिला शिपायासमोर जबाब लिहायला दिला. दुसऱ्याच ओळीला त्यांनी पेन ठेवला. अक्षर त्या पत्रातलंच होतं.

"मीच लिवलं, साहेब. तिकडं नोकरी लागली तं थे येनार नाई, असं वाटलं. पन फोनवर लय रडली पोरगी. चुकली मी. द्या तिले दाखला."

प्रकरण तिथेच मिटलं होतं. सही तेवढी बाकी होती. ती मी केली नाही.

त्या दिवसांत ती शिकली त्या देशाच्या सरकारातही वाद चालू होता: शिकायला आलेल्यांना कामासाठी थांबू द्यावं की परत पाठवावं. पेपरात वाचून आम्हीही ठाण्यात चहावर भांडायचो. माझा मुलगा असाच शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. तो वाद मी माझ्या टेबलावर निकाली काढला. मुदत टळल्यावर शेरा मारला: 'नातेवाईक वारंवार बोलावूनही मिळून आले नाहीत.'

मुलगी परतली. माहिती अधिकारात तिने त्या शेऱ्याची प्रत मिळवली. वडील ठाण्यात गेलेच नाहीत असं धरून तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. "सरकारी कागद खोटा कसा असंन?" असं आईला विचारते.

गेल्या महिन्यात त्या माउलीला भेटून लिहायची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लिवा. माहं बी लिवा."

भीतीपोटी खोटं लिहिणारी माणसं बहुधा कबुली देतात, हे मी नोकरीभर पाहिलं. सहीशिक्क्याच्या खोट्याला मात्र कुणी चौकशीला बोलावत नाही. म्हणून हा माझा जबाब: तिचे वडील चार वेळा आले होते. चौथ्या वेळी दुकान बंद ठेवून दिवसभर बाकावर बसले. साहेब बाहेर गेलेत, असं मी शिपायाला त्यांना सांगायला लावलं. मी आतच होतो.