सांडव्याची फाईल

ती घटना आठवायला मला कधी प्रयत्न करावा लागला नाही. विसरण्यासाठी मात्र बरेच केले. माझ्या सेवापुस्तकात त्या तपासाबद्दल प्रशस्तीची नोंद आहे. निरोपसमारंभात ती माइकवरून वाचली गेली, टाळ्या पडल्या, आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, किती हा विनय! निवृत्त होऊन नांदेडला स्थायिक झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. म्हटलं, आता सांगून टाकावं. नाव कुणाचंच घेणार नाही. त्यातल्या एकाचं घ्यायचा तर मला अधिकारच उरलेला नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी त्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. नव्या जिल्ह्याचा उत्साह मोठा होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. कुठलाही कागद मागा, तो ‘जुन्या जिल्ह्यात आहे’ नाहीतर ‘वाटेत आहे’. त्यात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. विहिरींनी तळ दाखवला होता. टँकर आला की ठाण्याचे निम्मे शिपाई पाण्याच्या रांगेवर बंदोबस्ताला जात आणि येताना आपलीही एक घागर भरून आणत. मी बघून न बघितल्यासारखं करी.

आमच्या तालुक्याला तहसीलदार मिळाला होता तो तिशीचाही नव्हता. दुष्काळी कामावर मजुरांच्या पंगतीत बसून भाकरी खायचा. हजेरीपट स्वतः तपासायचा. पाणी नसलेल्या गावात सायकलवरून जायचा, कारण जीप गेली की लोक मागण्या करतात आणि सायकल गेली की खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं. वर्तमानपत्रात त्याचे फोटो येत. एका म्हातारीनं नातवाला त्याचं नाव ठेवलं. मी सतरा वर्षं वर्दीत काढली होती; माझं नाव कुणी गोऱ्ह्यालासुद्धा ठेवलं नव्हतं. मला तो आवडत नसे, आणि का आवडत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. बाजारात माझ्याकडे बघून दुकानदार उभे राहत. त्याच्याकडे बघून हसत.

तालुक्यातल्या एका गावाला त्यानं पाझर तलाव उभा करायला घेतला होता. गावातली माणसं कामाच्या शोधात परमुलखात पांगली होती, त्यातली बरीच तलावावर काम मिळतंय म्हणून परतली. मातीचा भराव जवळजवळ पूर्ण झाला. राहिला होता सांडवा, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी जायची दगडी वाट. सांडव्याशिवाय पाऊस आला तर पाणी भरावावरून उसळणार आणि सगळी माती घेऊन जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. आणि नेमकी सांडव्याची फाईलच सापडेना. त्या फाईलमध्ये मंजूर नकाशा होता आणि ज्यांची जमीन पाण्याखाली जाणार त्यांची अंगठे उठवलेली संमतीपत्रं होती. अंगठे उठवणारे निम्मे लोक अजून बाहेरगावीच होते. फाईल नाही तर काम नाही, असं पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यानं लेखी कळवलं.

तालुक्याचं सगळं दप्तर जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून ट्रकनं आलं होतं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, सोबत यादी. यादीवर ‘सर्व मिळाले’ म्हणून सही होती तहसील कचेरीतल्या एका तरुण कारकुनाची. तो जुन्या कचेरीतूनच इकडं आला होता आणि तहसीलदाराचा उजवा हात समजला जाई. वरून आदेश आला, कचेरीनं फिर्याद दिली, मी गुन्हा दाखल केला.

तिसऱ्या दिवशी टपालानं एक निनावी अर्ज आला. सदर कारकुनानं फाईल एका ठेकेदाराच्या हातात दिली असून, तहसीलदार त्यास पाठीशी घालीत आहेत, असा मजकूर. तहसीलदाराबद्दलचे शेवटचे शब्द मी तीनदा वाचले. इतक्या दिवसांत मला एवढं गोड काही वाचायला मिळालं नव्हतं.

कारकुनाला त्याच दुपारी आणलं. विशीतला मुलगा, बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला सरकारी नोकर. खोलीची झडती घेतली तर भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली परीक्षेची पुस्तकं आणि इस्त्री केलेले दोन सदरे, एवढंच.

“गठ्ठे उघडून बघितले होतेस का?” मी विचारलं.

“न्हाई साहेब. चाळीस गठ्ठे, ट्रकवाला घाई करून राहिला होता. बांधून देणारा माणूस जुना, इमानी. त्याच्या गाठीवर कुणी शंका घेत न्हाई.”

“मग सही कशाला ठोकलीस?”

“चुकलं साहेब. पर ह्या फाईलसाठी तर आमचे साहेब जिवाचं रान करून राहिले. मी ती कशापायी दडवू?”

‘आमचे साहेब’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या कुठल्याही शिपायाच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्याला अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी कोर्टानं चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं धरतात. हा नियम मला माहीत होता. चार दिवस मागताना तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

कोर्टातून परतलो तर तहसीलदार ठाण्यात येऊन बसलेला. आवाज चढवला नाही, वरच्या कुणाची ओळख सांगितली नाही.

“फौजदारसाहेब, मुलगा निर्दोष आहे म्हणून सोडा, असं मी म्हणत नाही. तुमचा तपास तुमचा. फक्त एकदा जुन्या कचेरीच्या रेकॉर्ड रूमची झडती घ्या. मला वाटतं फाईल तिथून हललेलीच नाही. पावसाला फार दिवस नाहीत.”

“तपास कसा करायचा ते आम्हाला कळतं, साहेब,” मी म्हणालो.

तो उठला, नमस्कार केला आणि गेला. त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं, हे मला तो फाटकाबाहेर पडायच्या आतच कळलं होतं. आणि म्हणूनच मी गेलो नाही. गेलो असतो आणि फाईल सापडली असती, तर उद्याच्या पेपरात पुन्हा त्याचाच फोटो आला असता.

नऊ दिवस मी ठेकेदारांचे जबाब घेत बसलो. कारकुनाची आई रोज डबा घेऊन यायची, पायरीवर बसायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, “साहेब, लेकराची नौकरी जाईल का हो?” मी म्हणालो, “बघू.” त्याच संध्याकाळी निलंबनाचा आदेश निघाला. पुढे त्याला जामीन झाला. आदेश तसाच राहिला.

माझ्या ठाण्यातले जमादार वयानं माझ्याहून मोठे होते, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. तेराव्या दिवशी ते निनावी अर्ज हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“साहेब, गुस्सा नका करू. हा कागद बघितला का नीट?”

“पाठ आहे मला.”

“मजकूर न्हाई, कागद बघा. डाव्या बाजूनं पाव हिस्सा मुडपून समास सोडलाय. वर ‘विषय’ लिहिलाय, खाली ‘संदर्भ’. अहो, निनावी अर्जाला संदर्भ कोन देतंय? हे कोन्या ठेकेदाराच्या दुश्मनाचं काम न्हाई. जिंदगीभर दप्तरात बसलेल्या माणसाचा हात हाय हा.”

मी अर्ज पुन्हा पाहिला. पहिल्या दिवसापासून ते सगळं माझ्यासमोर होतं. जे वाचायला आवडत होतं तेवढंच मी वाचलं होतं. आता मात्र नाही म्हणायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. रेकॉर्डकीपर निवृत्तीला आलेले, धोतर-टोपीतले गृहस्थ होते. चाळीस गठ्ठ्यांची गाठ त्यांनीच मारली होती. त्यांनी आम्हाला खुर्च्या पुसून दिल्या. मी आमच्या तालुक्याचं रिकामं झालेलं रॅक दाखवायला सांगितलं. रॅकवर काही नव्हतं, एका कप्प्यात उभी खोचलेली एक चिठ्ठी सोडून. रेकॉर्ड रूमचा रिवाज असा की फाईल जागेवरून काढली तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची: कोणती फाईल, कोणी काढली. चिठ्ठीवर गावाचं नाव होतं, तलावाचं नाव होतं आणि खाली रेकॉर्डकीपरची वळणदार सही. वळण निनावी अर्जातलंच.

“हे काय हो?” मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मला वाटतं, ती आपण ठेवली हे त्यांच्याही ध्यानात नसावं. तीस वर्षांत त्यांनी चिठ्ठी न ठेवता एक कागद हलवला नव्हता. चोरी करतानाही हातानं आपलं काम केलं होतं.

त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. फाईल पांढऱ्या फडक्यात बांधलेली होती. आत कडुलिंबाचा पाला, ताजा, वाळवी लागू नये म्हणून.

“कागदाला धक्का लागू दिला न्हाई साहेब,” ते म्हणाले. “आठवड्याला पाला बदलत होतो.”

“मग घेतलीत कशाला?”

“नव्या जिल्ह्यात माझं गाव हाय. घर हाय. तिकडं घ्या म्हणून तीन अर्ज केले. यादी लागली तर त्यात त्या पोराचं नाव. मीच त्याला नोंदी लिहायला शिकवलं होतं. अन् ही फाईल, एकेक संमतीपत्र मी जोडलंय. खेटे घालून घालून अभियंत्याकडून नकाशा मी आणलाय. अन् पेपरात फोटो कोणाचा? भरावावर उभा राहून तहसीलदार हसतोय. लई जळालो साहेब. म्हणलं, बघू तर खरं, माझ्या फाईलीबिगर ह्यांचा तलाव कसा होतो.”

पंचनामा जमादारांनी लिहिला. माझ्याच्यानं तो लिहवेना. त्या माणसानं जे सांगितलं त्यातला एकेक शब्द मी माझ्या मनात गेले तेरा दिवस बोलत होतो, फक्त मोठ्यानं नव्हे. त्यांच्या जळण्याला कायद्यात कलम होतं म्हणून ते आरोपी झाले. मी तपासी अंमलदारच राहिलो.

फाईल मिळाली तसा तहसीलदार ठाण्यात आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. “आपण मोठं काम केलंत,” म्हणाला. पोलीस अधीक्षकांना त्यानं माझ्या कौतुकाचं पत्र लिहिलं. सेवापुस्तकातली ती नोंद त्याच पत्रावरून झाली. जुन्या रेकॉर्ड रूमचं आपण सुचवलं होतं, हे त्यात त्यानं लिहिलं नव्हतं.

सांडव्याचं काम त्याच दिवशी सुरू झालं. गावातल्या बायाबापड्या दगड वाहत होत्या. पाया भरून झाला, भिंत कंबरेइतकी आली आणि एका दुपारी पाऊस कोसळला. दोन वर्षांचं सगळं एकदाच आलं. तलाव भरला आणि अर्धवट सांडव्याच्या बाजूनं भराव फुटला. बंदोबस्ताला मी गेलो तेव्हा गाव काठावर उभं होतं. कुणी रडत नव्हतं. एक बाई एवढंच म्हणाली, “आठ-दहा दिस अजून गावले असते, तर थांबलं असतं बघा पानी.” ती ते मला उद्देशून बोलली नव्हती.

चौकशी लागली. विलंबाला जबाबदार कोण? तहसीलदारानं लेखी सांगितलं की, कारकुनाच्या अटकेच्या दुसऱ्याच दिवशी आपण ठाण्यात जाऊन जुन्या रेकॉर्ड रूमबद्दल सांगितलं होतं. चौकशी अधिकाऱ्यानं माझी स्टेशन डायरी मागवली. ठाण्यात कोण आलं, काय बोललं, याची नोंद डायरीत व्हायलाच हवी. त्या भेटीची नोंद नव्हती. अंमलदार लिहायला बसला होता तेव्हा मीच म्हणालो होतो, राहू द्या, काही विशेष नाही. चौकशीत मी लिहून दिलं की तपास क्रमाक्रमानं करण्यात आला. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तहसीलदारानं पोलिसांना वेळेवर माहिती दिल्याचं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याची बदली किनवटच्या पलीकडे झाली, दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. कारकून पुन्हा कामावर आला, पण परीक्षा देऊन अधिकारी व्हायचा नाद त्यानं सोडला असं ऐकलं. तलाव पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी पुरा केला. दगडावर नाव त्या दुसऱ्याचं आहे.

बदलीची बातमी जमादारांनी मला सांगितली, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते समाधान होतं. दुःख नंतर आलं. हा क्रम मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही.

नोकरीत पुढे अनेक गुन्हे तपासले. त्या प्रकरणानंतर एक सवय लावून घेतली: संशयिताला काही विचारण्याआधी स्वतःला विचारायचं, हा माणूस गुन्हेगार निघाला तर आपल्याला आनंद होईल का? होणार असेल, तर तपास दुसऱ्याकडे द्यायचा. उजाड झालेला मुलूख उभा करायला नकाशे लागतात, निधी लागतो, हे सगळे सांगतात. चांगलं काम करणाऱ्याकडे बघून ज्यांच्या पोटात दुखत नाही अशी चार माणसं खुर्च्यांवर लागतात, हे कुठल्याच अहवालात येत नाही. त्या तालुक्यात दुष्काळ निसर्गानं आणला होता. तलाव आम्ही दोघांनी फोडला, एका रेकॉर्डकीपरनं आणि एका फौजदारानं. शिक्षा एकालाच झाली.

डायरीत राहिलेली नोंद आज करतो. वेळ दुपारी पावणेदोन. तहसीलदार ठाण्यात समक्ष हजर. जुन्या कचेरीच्या रेकॉर्ड रूमची झडती तातडीनं घ्यावी, पावसाला फार दिवस नाहीत, असं त्यांनी सांगितलं. फौजदारानं ऐकून घेतलं, आणि मुद्दाम गेला नाही.