निरोपाच्या गाण्याची फाइल

माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, रनाळ्यात आई श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी म्हणायची. सोमवारी विसर्जनाला निघताना ती निरोपाचं गाणं उचलायची आणि गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

निवृत्तीनंतर मी तिच्याकडून ही गाणी ऐकून संगणकात उतरवली, एका गाण्याची एक फाइल. ती गेल्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकलो. पहिलाच प्रोग्रॅम साधा होता: प्रत्येक फाइल उघडायची आणि गाण्याची पहिली ओळ दाखवायची. पण मेला दरवेळी एकाच फाइलपाशी अडायचा. मी चिडलो, कंस तपासले, फाइलींची नावं तपासली, संगणकाला शिव्या घातल्या. शेवटी ती फाइलच उघडली. आत एक अक्षर नव्हतं.

ती निरोपाच्या गाण्याची होती. नाव देऊन ठेवलं होतं, कारण देवी यायच्या आधी आई तेवढं एकच गाणं म्हणेना. "कानबाई आजून उनी नही, तिले आतेच कशी वाटे लावू? सावनमा म्हनसू."

आषाढातच ती गेली.

रिकामी फाइल वगळून पुढे जा, एवढी ओळ घातली की प्रोग्रॅम सुरळीत चालतो. ती मी घातली, आणि लगेच खोडली. अडू दे तिथेच.